सावित्री उतरली, मुलाखत बुडाली

गुरुवार, दुपारी 4.00. उरले साडेसतरा तास

भाची महाडच्या स्टँडवर उतरली ती एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला लॅपटॉप आणि खांद्याला ताईने भरून दिलेली नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तिकडे तेव्हा दुपारचा एक. मुलाखत घेणारी कंपनी तिकडची, रसायनं बनवणारी, मध्यम आकाराची. जागा गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेतली.

तिचं गाव पोलादपूरपासून आत, आंबेनळी घाटाच्या बाजूला. जुलैमध्ये तिथे आभाळ भरून आलं तरी लाइट जाते, आणि मोबाइलला रेंज हवी तर देवळाच्या पारावर जाऊन बसावं लागतं. पारावर काळा कोट घालून जपान्यांशी बोलणारी मुलगी गावाने पाहिली असती तर निकाल कंपनीच्या आधी गावानेच लावला असता. शिवाय दरडीचा भरवसा नाही. रात्रीत रस्ता बंद झाला तर सगळंच बंद. म्हणून ताईने आदल्या दिवशीच तिला मामाकडे धाडलं. मामाकडे, म्हणजे माझ्याकडे, फायबरचं इंटरनेट आहे, इन्व्हर्टर आहे आणि घर पहिल्या मजल्यावर आहे.

महाडात हे तिसरं महत्त्वाचं. 22 जुलै 2021 ला बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं होतं आणि त्याच संध्याकाळी तळिये गावावर डोंगर कोसळला. तेव्हापासून इथला माणूस जुलैमध्ये साखरपुडा ठरवतानाही आधी पाण्याचा विचार करतो.

संध्याकाळी 6.30. उरले पंधरा तास

घरात युद्धपातळीवर तयारी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. राउटर त्याच्यावर चालतो का हे मेन स्विच पाडून दोनदा पाहिलं. फायबर गेलं तर असावं म्हणून माझ्या आणि बायकोच्या मोबाइलचा डेटा भरून ठेवला, दोन वेगळ्या कंपन्यांचा. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना जाऊन सांगितलं की उद्या नऊ ते साडेदहा मिक्सर लावू नका. त्यांनी कारण विचारलं. जपान म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग कुकरपण लावत नाही."

मी निवृत्त मास्तर. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यापेक्षा त्याच्या घरचेच कसे घाबरलेले असतात, हे मी आयुष्यभर पाहिलं. त्या रात्री आम्ही तसेच होतो. आणि ज्या गोष्टींना घाबरलो त्या सगळ्या पाऊस, वीज आणि वायर या खात्यातल्या होत्या.

रात्री 8.15. उरले सव्वातेरा तास

जेवताना तिने अर्ज दाखवला. जपानमध्ये नोकरीच्या अर्जाचा ठरावीक छापील नमुना असतो, त्याला रिरेकिशो म्हणतात. वरच्या कोपऱ्यात फोटो, खाली शिक्षण, मग अनुभव, सगळं वर्षवार. पुण्याच्या एजंटाने तिला कोरा नमुना पाठवला होता आणि तिने तो सुंदर अक्षरात भरला होता. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातली केमिकलची पदवी, मग इथल्याच एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेतली नोकरी. शेवटी चार लहान चौकटी होत्या. घरातून कामावर यायला लागणारा वेळ, अवलंबून असलेली माणसं किती, विवाहित की अविवाहित, जोडीदाराला पोसण्याची जबाबदारी आहे की नाही.

तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आपल्याकडचे अर्ज याहून खोलात शिरतात. पुढे वाचल्यावर कळलं की जपानच्या आरोग्य, कामगार आणि कल्याण मंत्रालयाने 2021 मध्ये अर्जाचा नवा नमुना काढला आणि त्यातून नेमक्या याच चार चौकटी काढून टाकल्या. स्त्री की पुरुष हे लिहिणंही ऐच्छिक केलं. कारण असं की या माहितीचा कामाच्या लायकीशी संबंध नाही, आणि विचारली की माणूस तिच्यावरून तोलला जातो. जुने नमुने वापरायला बंदी नाही, त्यामुळे ते बाजारात फिरत राहतात. एजंटाकडे फिरत आलेला तसलाच एक होता.

"मुलाखत कुठल्या भाषेत गं?" बायकोने विचारलं.

"एजंट म्हणाले, ओळख तेवढी जपानीत. बाकी ऐंशी टक्के इंग्लिश. मामी, कामाचं सगळं इंग्लिशमध्येच असतं ना."

हे त्याने फोनवर सांगितलं होतं. लिहून कुठेच दिलेलं नव्हतं.

रात्री 11.00. उरले साडेदहा तास

उजळणी. आतल्या खोलीतून तिचा स्वर येत होता, एकच परिच्छेद, पुन्हा पुन्हा. नाव, गाव, शिक्षण, काम, "कृपया माझ्यावर लोभ असावा" अशा अर्थाचं शेवटचं वाक्य. त्यानंतर दुसरा परिच्छेद, तुमच्याच कंपनीत का यायचं आहे याचा. जपानी मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि "पगार बरा आहे" हे त्याचं खरं उत्तर कोणीही द्यायचं नसतं.

तिचं जपानी वाईट नव्हतं. आपल्यासारखंच त्यांचं क्रियापद शेवटी येतं, शब्दाला मागून प्रत्यय लागतात, त्यामुळे मराठी मुलांना वाक्यं लवकर जमतात. नोकरी सांभाळून तिने पुण्याचा ऑनलाइन वर्ग केला आणि जेएलपीटी या परीक्षेची एन-3 पातळी ती पास झाली. एन-5 सर्वात सोपी, एन-1 सर्वात अवघड, म्हणजे ही बरोबर मधली. 180 पैकी 95 गुण लागतात आणि तिन्ही विभागांत 60 पैकी किमान 19. पुण्यात या परीक्षेला बसणाऱ्यांची गर्दी जुनी आहे, जपानी शिकणं त्या शहरात दोन पिढ्या तरी चालू आहे.

या परीक्षेची गंमत आम्हाला फार उशिरा कळली. तीत बोलावं लागत नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्यायी उत्तरांचं. गोल काळा करायचा. तोंड न उघडता माणूस एन-1 सुद्धा पास होऊ शकतो. मास्तर म्हणून मला हे पेपर काढणाऱ्यांच्या सोयीचं वाटतं, पण जगभरच्या लाखो मुलांची परीक्षा एका दिवशी घ्यायची तर दुसरं काय करणार, हेही समजतं. प्रश्न परीक्षेचा नाहीच. त्या प्रमाणपत्राकडे बघून "हिला जपानी येतं" असं कंपनीने धरलं, आणि "हिला जपानी फारसं लागणार नाही" असं एजंटाने धरलं. एकाच कागदाचे दोघांनी दोन अर्थ काढले होते आणि मध्ये भाची बसली होती.

पहाटे 3.20. उरले सहा तास दहा मिनिटं

पावसाच्या आवाजाने जाग आली. पत्र्यावरचा पाऊस आणि खरा पाऊस यातला फरक महाडकराला झोपेतही कळतो. हा खरा होता. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चौकशा सुरू झालेल्या. महाबळेश्वरला किती पडला? भरती किती वाजता?

हे दोन प्रश्न बाहेरच्याला कोड्यासारखे वाटतील. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, पोलादपूरवरून उतरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. वर घाटात कोसळलेलं पाणी काही तासांत आमच्याकडे पोहोचतं. त्याच वेळी खाडीला भरती असेल तर ते पुढे जाऊ शकत नाही आणि गावात शिरतं. गांधारी नदी रायगडाच्या बाजूने आपली भर घालते ती वेगळी. इशारा पातळी 6 मीटर, धोका पातळी साडेसहा. ग्रुपवर आकडा आला तेव्हा पाणी इशाऱ्याच्या जवळ होतं आणि चढत होतं.

मी उठून जिन्यात बॅटरी मारून पाहिलं. रस्ता ओला, पाणी नाही. आतल्या खोलीत दिवा चालू. भाची खिडकीशी बसली होती.

"झोप गं बाय."

"मामा, पाणी आलं तर मी त्यांना काय सांगू? पूर आला हे जपानीत येतं मला."

म्हटलं, तेच सांग. त्यांच्याकडेही नद्या आहेत.

सकाळी 6.30. उरले तीन तास

पाणी थांबलं. भरती निघून गेली होती, घाटात पाऊस ओसरला होता. नगरपालिकेचा भोंगा वाजला नाही. दूधवाला नेहमीच्या वेळेला आला आणि "आज नाय येत वर" असं नदीबद्दल सांगून गेला.

आता घराला उत्साह आला. मुलाखतीला मागची भिंत कोरी हवी, म्हणून कालनिर्णय उतरवलं, सत्कारात मिळालेली माझी दोन मानपत्रं उतरवली, देवाचा फोटो मात्र बायकोने उतरवू दिला नाही. शेवटी टेबलच फिरवलं. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. जुलैचा दमट उकाडा, बंद खिडक्या आणि वर मैत्रिणीकडून आणलेला काळा कोट. पांढरा शर्ट, केस घट्ट मागे बांधलेले. जपानमध्ये मुलाखतीला सगळे असेच दिसतात, ती म्हणाली, वेगळं दिसायचं नसतं.

सकाळी 8.45. उरली पंचेचाळीस मिनिटं

एजंटाचा मेसेज. मराठीत, इंग्रजी अक्षरांत. सारांश असा: हसतमुख राहा, सगळ्याला होय म्हणा, शेवटी काही विचारायचं आहे का म्हटलं तर काही नाही म्हणा, उगाच पगार-सुट्टी काढू नका.

यातला शेवटचा सल्ला तर घातकच. जपानी मुलाखतीच्या अखेरीस उमेदवाराने प्रश्न विचारायचे असतात. तो शिष्टाचाराचा भाग नाही, मुलाखतीचाच भाग आहे. ज्याला प्रश्न नाहीत त्याला आमच्या कंपनीत रस नाही, असा अर्थ घेतात. तिथे भरतीची तयारी करून घेणारं कुठलंही पुस्तक हे सांगतं. जपानला माणसं पाठवायचा धंदा करणाऱ्याला ते ठाऊक नसावं, यावर माझा विश्वास नाही. त्याने विचारच केला नसावा, एवढंच.

सकाळी 9.25. उरली पाच मिनिटं

लॉगिन. पाच मिनिटं आधी जायचं, दहा मिनिटं आधी गेलं तर तेही बरं दिसत नाही. लाइट आहे. नेट आहे. नदी उतरते आहे. खालच्या वहिनींचं घर चिडीचूप. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, दार लोटून. मला जपानीतलं अक्षर कळत नाही. पुढे जे लिहितो आहे ते तिने नंतर शब्दन् शब्द सांगितलेलं.

9.30

पडद्यावर चौघं. तीन पुरुष, एक बाई. बाई मनुष्यबळ विभागाच्या, मधले गृहस्थ प्रयोगशाळेचे प्रमुख, बाकीच्यांची ओळख झाली पण तिच्या कानात शिरली नाही. वाकून नमस्कार. स्वतःची ओळख. एकाही ठिकाणी न अडखळता, एका मिनिटात. बाईंनी मान डोलावली. आम्ही आत एकमेकांकडे पाहिलं.

9.33

या कंपनीत का? तेही उत्तर पाठ. तेही झालं. आता इंग्रजी सुरू होईल म्हणून ती थांबली.

इंग्रजी सुरू झालं नाही.

9.35

बाईंनी समोरचा अर्ज उचलला आणि चौकटींवर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली. वडील काय करतात? वडील मुंबईत गिरणीच्या कँटीनला होते, मग गावी येऊन भातशेती. तिने "शेतकरी" एवढंच सांगितलं. भावंडं किती? घर स्वतःचं की भाड्याचं? तुम्ही लांब गेलात तर आईवडिलांना कोण बघणार?

मग, लग्न कधी करणार आहात? भारतात आईवडील ठरवतात ना? म्हणजे दोन वर्षांत परत जाल का?

प्रश्न तिला कळत होते, हे मुद्दाम सांगतो. एन-3 ला एवढं कळतं. कळत होते म्हणूनच ती गडबडली. दीड वर्ष तिने टायट्रेशन, अशुद्धतेचं प्रमाण, उपकरणाचं कॅलिब्रेशन यांचे जपानी शब्द वहीत लिहिले होते. लग्नाच्या बेताबद्दल परक्या चार माणसांशी कुठल्या विनयाने बोलायचं, हे कुठल्याच वहीत नव्हतं. जपानीत मोठ्यांशी बोलताना क्रियापदंच बदलतात, समोरच्याची चढवायची आणि स्वतःची उतरवायची. घाबरल्यावर ही पायरी पहिली निसटते. तिने मैत्रिणीशी बोलावं तसं उत्तर दिलं: "अजून नाही, माहीत नाही."

जपानच्या त्याच कामगार मंत्रालयाने नोकरीसाठी माणसं निवडताना सांभाळायच्या 14 गोष्टी सांगितल्या आहेत. जन्मस्थान, कुटुंब, घराची स्थिती, धर्म, राजकीय मतं, एवढंच काय, कोणतं वर्तमानपत्र वाचता, हेही विचारू नये असं त्यात आहे. स्त्री-पुरुष समान संधीचा कायदा तिथे 1986 मध्ये लागू झाला आणि 1999 पासून भरतीत भेद करायला त्यात सरळ बंदी आहे. मुलग्याला कोणी लग्नाचं विचारलं असतं का, हा प्रश्न मी जपान्यांनाच कशाला विचारू? आपल्या एमआयडीसीत मुलाखतीला गेलेल्या पोरींना विचारा, त्या हसतील. पण परदेशी मुलीला तिच्या चुलीपर्यंतचं सगळं विचारायचं आणि ती ओशाळून तुटक बोलली की भाषा कच्ची म्हणायचं, याला निवड म्हणत नाहीत.

9.41

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सूत्रं घेतली. प्रश्न कामाचा, लांबलचक, भरभर. एका तुकडीचा निकाल मर्यादेबाहेर गेला तर तुम्ही काय करता, असा काहीतरी. "पुन्हा एकदा सांगाल का?" ती म्हणाली. त्यांनी तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हटलं. पुन्हा एकदा? या वेळी थोडं मोठ्याने.

तिला उत्तर येत होतं. रोज हेच तर काम करते. नमुना पुन्हा घ्यायचा, उपकरण तपासायचं, दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायचं, नोंदवही भरायची. तिने विचारलं, इंग्रजीत सांगितलं तर चालेल का?

चौघं एकमेकांकडे पाहू लागले. प्रमुख म्हणाले की कारखान्यात इंग्रजी कोणीच बोलत नाही, हे एजंटाला कळवलेलं आहे.

स्वयंपाकघरात आम्हाला फक्त शांतता ऐकू आली. बायकोने हळूच विचारलं, "लाइट गेली का?" लाइट होती.

9.47

तिने जपानीत प्रयत्न केला. सुटे शब्द, मध्ये मोठी पोकळी. प्रमुखांनी शेवटी हसून म्हटलं, तुमचं जपानी छान आहे. तिकडे राहून आलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य परदेशी माणसाने दोन शब्द बोलले की मिळतं. ज्याचं खरंच छान असतं त्याच्याशी ते कामाचं बोलतात.

9.50

आमच्यासाठी काही प्रश्न? तिच्या वहीत तीन लिहिलेले होते. रात्रपाळी असते का, शिकवायला वरिष्ठ कोण असतील, पहिल्या वर्षात काय शिकायचं. एजंटाचा मेसेज आठवला. "विशेष काही नाही," ती म्हणाली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

9.52

निरोपाचा नमस्कार. पाहुण्याने आधी फोन ठेवायचा नाही म्हणून ती वाकून थांबली. उमेदवार जाईपर्यंत यजमानाने थांबायचं म्हणून तेही वाकून थांबले. वर पाहिलं तर ते अजून वाकलेले, म्हणून ही पुन्हा वाकली. ही वाकल्यावर ते पुन्हा. असं कितीतरी वेळ चाललं. सगळ्या मुलाखतीत दोन्ही बाजूंचं जमलं ते एवढंच. मग पडदा काळा झाला.

तिने कोट काढला, पंखा लावला आणि म्हणाली, "मामी, आता मिक्सर लावायला सांगा."

त्यानंतर

दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, अतिशय नम्र. नकाराची अशी पत्रं तिथे साच्यातली असतात आणि शेवटी उमेदवाराच्या पुढच्या यशासाठी प्रार्थना केलेली असते. एजंटाने कंपनीला दोष दिला, मग भाचीच्या तयारीला. नोंदणीच्या नावाखाली घेतलेले पैसे दुसऱ्या मुलाखतीत वळते करू म्हणाला. पावती मागितली तर फोन उचलणं बंद. भाची एमआयडीसीतल्या कामावर आहे. रविवारी ऑनलाइन एका जपानी आजीबाईंशी तासभर नुसत्या गप्पा मारते. त्या आजी नागोयाच्या आहेत आणि त्यांना आपल्या पावसाचं फार कौतुक आहे.

अशा मुलाखती आता वाढणार आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत 5 लाख माणसांची ये-जा घडवून आणायचं ठरवलं, त्यांत भारतातून जपानला जाणारी 50,000 कुशल आणि अर्धकुशल माणसं आहेत. कुशल कामगारांच्या खास व्हिसाचा करार 2021 चा आहे, त्याला बहुतेक कामांसाठी जपानी भाषेची एन-4 पातळीही पुरते. पोलादपूर, महाड, माणगावच्या घराघरांत जाहिराती पोहोचायला लागल्या आहेत, मुंबईला जायची सवय असलेल्या या मुलखात त्या रुजतीलही.

तेव्हा ज्यांच्या घरी हे बोलणं चालू असेल त्यांनी एवढं करावं. मुलाखत कुठल्या भाषेत होणार, कामाच्या जागी कुठली भाषा चालते, हे एजंटाकडून नाही, कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्यावं. मुलांना बोलायला लावावं, गोल काळे करून भागणार नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या पाहता येतं, आणि नोंदणीकृत एजंटालाही 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती देत नसेल तर एक रुपयाही देऊ नका.